पूरवेला आणि पूररेषा

नगररचनेच्या नकाशावर नदीच्या दोहों अंगांस दोन रेषा काढलेल्या असतात. एक निळी व दुसरी तांबडी. कागदावर त्या फार नाजुक दिसतात. परंतु ज्या गृहस्थानें नोकरींतून निवृत्त होतांना हातीं आलेली सारी पुंजी तीन खोल्यांच्या एका जागेंत घातली, त्याच्या घराचें जोतें ह्या रेषांच्या आंत पडतें कीं बाहेर, ह्यावर त्याची उतारवयांतील झोंप अवलंबून असते. सन २०१९ च्या श्रावणांत कृष्णा, वारणा आणि पंचगंगा ह्यांनीं सांगली-कोल्हापुराकडे जो हाहाकार उडविला, तेव्हांपासून 'पूररेषा' हा शब्द त्या बाजूच्या घराघरांत ऐकूं येऊं लागला. तथापि ही रेषा कोण काढतो, कशाच्या आधारें काढतो, आणि ती जें सांगते तें नेमकें काय, हें विचारलें असतां चांगले शिकलेले लोकहि गोंधळतात असा आमचा अनुभव आहे. म्हणून ह्या विषयाचा थोड्या विस्तारानें विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. गणित थोडें येईल. पण तें व्याजाच्या हिशेबाहून कठीण नाहीं.

शब्दापासून प्रारंभ करूं. पूररेषा हा शब्द सरकारी कचेरींत घडविलेला दिसतो खरा, परंतु त्याचा एक पूर्वज कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. म्हैसूर येथें शामशास्त्री ह्यांना ह्या ग्रंथाची पोथी मिळाली व १९०९ सालीं ती छापून निघाली, तेव्हांपासून तो सर्वांस सुलभ झाला आहे. त्याच्या चौथ्या अधिकरणांत दैवी आपत्तींच्या प्रतिकाराचें प्रकरण आहे. तेथें पाण्याच्या भयाचा विचार करतांना सखल भागांतील गांवांनीं पावसाळ्यापुरती 'पूरवेला' सोडून राहावें असा नियम घातला आहे. वेला म्हणजे मर्यादा. समुद्राचें पाणी भरतीच्या वेळीं जेथपर्यंत चढतें ती कड. तेव्हां पूरवेला म्हणजे पुराच्या पाण्याची कड, हें उघड आहे. त्याच ठिकाणीं लांकडें, वेळू व नावा जवळ बाळगण्यास सांगितलें आहे. वाहून जाणाऱ्या माणसास भोपळे, कातड्याच्या पखाली, तराफे ह्यांच्या साहाय्यानें तारावें, आणि जो धांवून जाणार नाहीं त्यास बारा पण दंड करावा, मात्र ज्यापाशीं तरण्याचें साधनच नाहीं त्यास करूं नये, इतका बारकावा त्यांत आहे. राजाच्या कोठारांत पाऊस मोजण्याकरितां एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड ठेवावें असेंहि ह्याच ग्रंथांत अन्यत्र आलें आहे.

आमच्या पूर्वजांस सर्व विद्या ठाऊक होत्या असें ह्यावरून सिद्ध करण्याचा आमचा हेतु नाहीं. तसले लेख आम्हीं पुष्कळ वाचले असून त्यांचा कंटाळाहि आला आहे. आम्हांस येथें भेद दाखवावयाचा आहे तो निराळाच. कौटिल्याच्या काळीं नदीकांठचा माणूस आपली झोंपडी चार महिन्यांपुरती वर नेऊं शकत असे. आज घर सिमेंटाचें, त्यावर वीस वर्षांचें कर्ज, तळमजल्यांत विजेचें यंत्र व वाहनें. तें उचलून वर नेतां येत नाहीं. म्हणून पूरवेला घर बांधण्यापूर्वींच ठरविणें प्राप्त होतें, व ती डोळ्यांना दिसण्याआधीं कागदावर काढावी लागते. सर्व अडचण येथेंच आहे.

आतां आपल्या नदीकडे वळूं. कृष्णा महाबळेश्वराजवळ उगम पावते. कोयनेचा उगमहि तिकडलाच; पण ती डोंगरापलीकडून वळसा घेऊन येते आणि कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर भेटते. पुढें ब्रह्मनाळाजवळ येरळा, सांगलीजवळ हरिपुरास वारणा, आणि नरसोबाच्या वाडीस पंचगंगा मिळते. पंचगंगा ही स्वतःच कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व लोकांच्या श्रद्धेंतील गुप्त सरस्वती ह्यांची बनलेली आहे. ह्यांतील बहुतेक नद्यांचीं मुखें सह्याद्रीच्या माथ्याकडे उघडलेलीं आहेत. महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सांगली शहरांत मात्र तो सहाशेंच्या आसपास. म्हणजे सांगलीकर छत्री न उघडतां पुरांत सांपडूं शकतो. आकाश निरभ्र आहे, ऊन पडलें आहे, आणि नदी तासातासाला पायरी गिळीत आहे, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस खोरें म्हणजे काय हें निराळें शिकवावें लागणार नाहीं. आपल्या दारांतील पाणी हें आपल्या आभाळांतलें नसतें. म्हणून पुराचा नकाशा एका शहराचा काढून भागत नाहीं. तो उगमापासून सर्व खोऱ्याचा काढावा लागतो.

दुसरी गोष्ट उताराची. घाटांतून खालीं उतरतांना नदीस मोठा उतार असतो. पण कऱ्हाडाच्या खालीं, विशेषतः सांगलीपासून पुढें, ती जवळजवळ सपाट भूमीवरून नागमोडी चालते. उतार गेला म्हणजे वेग गेला, आणि वेग गेला म्हणजे पाणी पसरूं लागतें. त्यांत संगमाची भर. नरसोबाच्या वाडीस कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेला आपलें पाणी तिच्यांत टाकतां येत नाहीं; तें मागें फुगत जातें व शिरोळ तालुक्यांतील गांवांना वेढा घालतें. वाडीचा 'दक्षिणद्वार' सोहळा आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिला असेल. पाणी उत्तरेकडून देवळांत शिरतें, पादुकांवरून वाहतें व दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें. त्यांत स्नान करावयास लांबलांबून लोक येतात. पाणी आणखी चढलें म्हणजे उत्सवमूर्ति उंच जागीं हलवितात. त्या देवस्थानानें पूरवेला कधींच ओळखून ठेविली आहे.

ह्या पसरणाऱ्या पाण्यास केवळ शत्रु समजणेंहि बरोबर नव्हे. नदीकांठची मळीची जमीन पुरानें आणलेल्या गाळानेंच झाली. कृष्णाकांठच्या वांग्यांची जी चव आपण गृहिणींच्या तोंडून वाखाणलेली ऐकतों, ती त्या गाळाची देणगी आहे. नदीला दोन पात्रें असतात असें म्हटलें तरी चालेल: एक बारमाही वाहण्याचें, व दुसरें, दहा-वीस वर्षांतून एखाद्या वेळीं अंग पसरण्याचें. हें दुसरें पात्र मधल्या वर्षांत कोरडें व मोकळें दिसतें, आणि शहराला लागून असल्यामुळें त्याला गिऱ्हाईक फार लवकर मिळतें.

आतां रेषा कशी काढतात तें पाहूं. नदीवरील ठराविक पुलावर किंवा बंधाऱ्यावर पाण्याची उंची नियमानें टिपलेली असते. सांगलीस १९२९ सालीं बांधलेल्या आयर्विन पुलावर, कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर. उंचीवरून दर सेकंदास किती पाणी जातें तें काढतात. त्यांतून प्रत्येक वर्षाचा सर्वांत मोठा असा एकच आंकडा घ्यावयाचा. समजा, ४९ वर्षांचे ४९ आंकडे हातीं आले. ते उतरत्या क्रमानें मांडावे. एकूण संख्येंत एक मिळवून तिला त्या त्या क्रमांकानें भागावें. पहिल्या क्रमांकाच्या पुरास ५० वर्षें, दुसऱ्यास २५, पांचव्यास १० अशी उत्तरें येतील. ह्यास त्या पुराचा आवर्तनकाल म्हणतात. ४९ वर्षांच्या टिपणांतून शंभर वर्षांचा पूर मात्र अशा साध्या भागाकारानें निघत नाहीं. तेथें दिसणाऱ्या आंकड्यांवरून न दिसणाऱ्याचा अदमास बांधावा लागतो. त्याची एक रीति जर्मनींतून परागंदा झालेल्या एमिल गुंबेल ह्या गणितज्ञानें १९४१ सालीं पुरांना लावून दाखविली, आणि ती अद्यापि वापरांत आहे. अदमास तो अदमासच; टिपणें जितकीं थोडीं तितका तो डळमळीत.

पाणी किती येणार हें ठरलें, म्हणजे तें किती उंच चढेल हें पाहावयाचें. त्यासाठीं नदीचे ठराविक अंतरावर आडवे छेद मोजतात: ह्या कांठाच्या उंच जमिनीपासून त्या कांठाच्या उंच जमिनीपर्यंत, तळासकट. मग रॉबर्ट मॅनिंग ह्या आयरिश इंजिनिअरानें १८८९ सालीं मांडलेलें सूत्र लावतात. त्या सूत्राचें मर्म असें कीं, प्रवाहाचा वेग तीन गोष्टींवर अवलंबून असतो. पात्राचा आकार, उतार, व तळाचा खरखरीतपणा. उतार चौथाईवर आला तर वेग निम्मा होतो. खरखरीतपणा दुप्पट झाला तरी वेग निम्माच होतो. स्वच्छ पात्रासाठीं खरखरीतपणाचा अंक ०.०३ च्या सुमारास धरतात. दाट झाडोरा असेल तर ०.१ पर्यंतहि. आतां येणारें पाणी तेंच राहून वेग निम्मा झाला, तर त्याला दुप्पट जागा लागणार. ती त्यास रुंदींत मिळाली नाहीं तर तें उंचींत घेणार. पुलाच्या कमानींत अडकलेला पालापाचोळा, पात्रांत टाकलेला घरपाडीचा राडारोडा, रस्त्याचा आडवा भराव, हीं सर्व ह्या सूत्रांत शिरतात. इंजिनिअर लोक हा हिशेब आतां संगणकावर करतात. अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनीं केलेली 'हेक-रास' नांवाची आज्ञावली ह्या कामीं जगभर प्रसिद्ध आहे. विमानांतून प्रकाशकिरण सोडून जमिनीची उंची वीतभर अंतरापर्यंत अचूक मोजतां येते, आणि उपग्रहावरील रडार ढगांतूनहि पाण्याचा पसारा टिपतें. हैदराबादचें राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराच्या दिवसांत असे नकाशे काढतें. परंतु उपग्रह आपल्या वेळेस येतो, पुराच्या शिखराच्या वेळेस नव्हे. आणि उभ्या उसाखालचें किंवा दाटीनें उभ्या घरांमधलें पाणी त्यास नीट दिसत नाहीं. म्हणून एखाद्या वृद्ध बाईनें भिंतीवर बोट ठेवून "पाणी इथवर आलं होतं" असें सांगितलें, तर तो पुरावा कोणत्याहि शहाण्या मोजणीदारानें वहींत टिपून घ्यावा.

आतां ज्या शब्दानें सर्वांत अधिक घोटाळा माजविला आहे त्याकडे येऊं. 'शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर' असें म्हटलें कीं लोक समजतात, २०१९ सालीं येऊन गेला, आतां २११९ पर्यंत चिंता नाहीं! वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच कीं, कोणत्याहि एका वर्षीं तो येण्याचा संभव शंभरांत एक असतो. फांशांवर एकदां बारा पडले म्हणून पुढच्या हातास पुनः बारा पडणारच नाहींत असें कोणी सारीपाट खेळणारा मानीत नाहीं. आतां घरकर्जाचा हिशेब करा. मुदत २० वर्षें. निळी रेषा सामान्यतः पंचवीस वर्षांच्या पुराची. म्हणजे दरसाल संभव शंभरांत ४, व न येण्याचा ९६. ह्या ०.९६ ला वीस वेळां आपणांशीं गुणलें तर उत्तर ०.४४ येतें. म्हणजे बरोबर निळ्या रेषेवर बांधलेल्या घरांत कर्ज फिटण्यापूर्वीं एकदां तरी पाणी येण्याचा संभव शंभरांत ५६ आहे. तांबड्या रेषेवरील घरासहि तो शंभरांत १८ आहे. रेषेच्या आंत, नदीकडे जावें तसतसा तो वाढत जातो. तांबड्या रेषेच्या बाहेर पाऊल टाकलें कीं भय संपलें असेंहि नव्हे. तेथें तें शंभरांत एकाहून कमी होतें, इतकेंच.

आणि हे आंकडेसुद्धां जुन्या टिपणांवरचे. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट मानिली आहे. २००५ सालीं पाणी ५३ फुटांच्या वर गेलें. २०१९ सालीं ५७ च्या वर. २०२१ सालीं पुनः ५४ च्या वर. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; तेथें २००५ सालीं पाणी ५० फुटांच्या आसपास, २०१९ सालीं ५५ च्या वर, व २०२१ सालीं ५६ फुटांपर्यंत चढलें. सतरा वर्षांत असे तीन पूर जेथें आले, तेथें पूर्वींच्या यादींतील क्रमांक बदलले, आणि क्रमांक बदलले म्हणजे रेषाहि सरकली पाहिजे. ती सरकविण्याचें काम मोजणीदाराच्या हातचें आहे. पण सरकलेली रेषा मान्य करण्याचें काम कोणाच्या हातीं असतें, हें वाचकांस सांगावयास नकोच.

कायद्याची कथा थोडक्यांत सांगतों, कारण ती थोडीच आहे. केंद्रीय जल आयोगानें १९७५ सालीं पूरमैदानांच्या विभागणीचा एक नमुना-कायदा सर्व राज्यांकडे धाडला. पाणी हा राज्यांचा विषय. मणिपुरानें १९७८ सालीं, राजस्थानानें १९९० सालीं व उत्तराखंडानें २०१२ सालीं तसे कायदे केले. बहुतेकांनीं केले नाहींत. महाराष्ट्रानें स्वतंत्र कायदा न करितां पाटबंधारे खात्याच्या १९८९ सालच्या परिपत्रकानें निळी व तांबडी रेषा आणली. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तेथें शेती, बागा, क्रीडांगणें असावीं. निळ्या व तांबड्या रेषांमधील पट्टा नियंत्रित. त्या नमुना-कायद्यामागील विचार आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. रुग्णालयें, वीजकेंद्रें, पाणीपुरवठा, टेलिफोन हीं शंभर वर्षांच्या पुराच्याहि वर हवींत. कचेऱ्या, ग्रंथालयें व राहतीं घरें पंचवीस वर्षांच्या पुराच्या वर. आणि बागा व मैदानें खुशाल बुडूं द्यावीं. हा क्रम कोणी पाळला असता तर २०१९ सालीं कोल्हापुरांत जो विचित्र प्रसंग ओढवला तो ओढवला नसता. चोहोंकडे पाणीच पाणी, आणि उपसा केंद्रें बुडाल्यामुळें नळाला थेंब नाहीं! पुणें-बंगळूर हमरस्ता कित्येक दिवस बंद राहिल्यानें पेट्रोलाचीहि टंचाई झाली.

येथें 'भय' आणि 'जोखीम' ह्या दोन शब्दांतील अंतर सांगणें अवश्य आहे. चार फूट पाणी हें भय. तेंच चार फूट पाणी क्रीडांगणावर आलें तर दोन दिवसांची खोळंबा, उसांत आठवडाभर राहिलें तर एका हंगामाची नासाडी, आणि प्रसूतिगृहाच्या तळघरांत शिरलें तर प्राणावर बेतणें. जोखीम पाण्यांत नाहीं, पाण्याच्या वाटेंत आपण काय मांडून ठेविलें आहे त्यांत आहे. चांगल्या नकाशांत पाण्याच्या खोलीबरोबर हेंहि रंगवितात: कोठें वृद्ध माणसें अधिक, कोठें बाहेर पडावयास एकच रस्ता, कोठें घरें मातीचीं. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं ब्रह्मनाळास पुरांतून बाहेर पडणाऱ्या लोकांची नाव उलटली व कित्येक जीव गेले. गांव कधीं सोडावें हें आधीं ठरलेलें असणें, ही बाब नकाशावरील रेषेइतकीच महत्त्वाची आहे.

२०२० सालच्या एकत्रित बांधकाम नियमावलींत निळ्या व तांबड्या रेषांच्या दरम्यान बांधकामास मुभा आहे. मात्र जोतें तांबड्या रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, उंच हवें. वरवर पाहतां नियम वाजवी आहे, आणि घर खांबांवर उचललें तर तो वाजवीच ठरतो, कारण पाणी खालून जाऊं शकतें. पण जोतें उंच करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे भराव. एक हेक्टर जमिनीवर एक मीटर उंचीचा भराव घाला: दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी ज्या जागेंत विसांवलें असतें ती जागा गेली. तें पाणी नाहींसें होत नाहीं, शेजाऱ्याकडे जातें. एकानें भराव घातला तर वाढ केसाएवढी. शंभरांनीं घातला तर जुन्या गांवभागांतील ज्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या पाणी आलें नव्हतें तेथें तें उंबऱ्याशीं येऊन उभें राहतें. शेजाऱ्याच्या पाण्याची वाट अडवूं नये हें खेड्यांतील बांधावरच्या भांडणांत सर्वांस कळतें. शहरांत तें कळेनासें कां होतें, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

ह्या सर्व चर्चेंत अलमट्टीचें नांव निघाल्याखेरीज राहत नाहीं. कर्नाटकांतील त्या धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटर असून ती ५२४.२५६ मीटरांपर्यंत वाढविण्याचा कर्नाटकाचा आग्रह आहे, व २०१० सालच्या लवादाच्या निवाड्यांत त्यास अनुमति मिळाली होती. सांगलीकरांचें भय आम्हांस समजतें. इतक्या सपाट नदींत खालचें पाणी किती मागें फुगतें ह्याचा हिशेब पुनःपुनः व उघडपणें झालाच पाहिजे. परंतु नंदकुमार वडनेरे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०२० सालीं दिलेल्या अहवालांत २०१९ च्या महापुराचें कारण अलमट्टी नव्हे असाच निष्कर्ष काढला, हेंहि विसरतां येत नाहीं. तो निष्कर्ष सर्वांस पटला नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं दोनशे किलोमीटरांवरील धरणाविषयीं तावातावानें बोलणाऱ्या मंडळींनीं आपल्या आळींतल्या ओढ्यावर उभ्या असलेल्या इमारतीविषयींहि त्याच आवाजांत बोलावें.

जमीनमालकाची बाजूहि ऐकिली पाहिजे. बापजाद्यांची दोन एकर मळी; शेजारचा गट रेषेबाहेर म्हणून त्याला गुंठ्यावर भाव, आणि ह्याच्या सातबारावर नवें कांहीं न लिहितां जमिनीची किंमत एका रात्रींत शेतीची होऊन बसली. तो रागावला तर त्यांत अन्याय कोणता? शहर वांचावें म्हणून जो आपली जमीन मोकळी ठेवतो, त्याला शहरानें कांहीं देणें लागतें. बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागीं वापरूं देण्याची सोय नगररचनेंत इतर कामांकरितां आहेच. ती येथें मनापासून वापरावी. नाहींतर होतें काय, कीं तो गुंठ्यागुंठ्यानें जमीन विकून मोकळा होतो, व जी माणसें घेतात तीं सर्वांत गरीब असतात. गुंठेवारीचीं बांधकामें नियमित करण्याचा कायदा २००१ सालीं झाला. पण कागद नियमित झाल्यानें जमिनीची उंची वाढत नाहीं. पुराच्या दिवशीं त्याच वस्तींतील भांडीं घासणारी बाई आपल्या घरीं कामास येत नाहीं म्हणून आपण कुरकुरतों, हें येथें नमूद करून ठेवितों.

ज्यांस जागा घ्यावयाची आहे त्यांच्या उपयोगाच्या दोन-चार गोष्टी. सातबारा उतारा पाहून पूररेषा कळत नाहीं. नगररचना कार्यालयांतून त्या गटाचा झोन दाखला व भाग नकाशा मागून घ्यावा. त्या नकाशावर रेषा कोणत्या सालच्या पाहणीची आहे तें विचारावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जोत्याची उंची समुद्रसपाटीपासून किती मीटर, हा आंकडा लेखी घ्यावा. वर्तमानपत्रांतील ५७ फूट हे पुलावरील पट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात. त्या शून्याची स्वतःची उंची समुद्रसपाटीपासून किती, हें पाटबंधारे कार्यालयास ठाऊक असतें. फुटांचे मीटर करून ती त्यांत मिळविली म्हणजे पुलापाशीं पाणी किती उंच होतें तें निघतें. घर पुलाच्या वरच्या अंगास असेल तर तेथें पातळी त्याहूनहि थोडी उंच धरावी. मग ती जोत्याशीं ताडून पाहण्यास चौथीचें गणित पुरतें.

आमचा एक जुना विद्यार्थी मागील वर्षीं अशाच एका जागेचे कागद घेऊन आमच्याकडे आला होता. "सर, बिल्डर म्हणतो, २०१९ ला सुद्धां पाणी पार्किंगच्या वर आलं नव्हतं," तो म्हणाला.

"अरे, मग त्याला म्हणावं, जोत्याची उंची मीटरमध्यें लिहून दे आणि खालीं सही कर. तुला वर्गांत मीं हेंच शिकवलं होतं. उत्तरापुढं एकक लिहिल्याशिवाय गुण नाहींत."

त्यानें तसें विचारलें. जागा चांगली आहे, लिहून कशास हवें, असें उत्तर आलें, व त्यानें व्यवहार तेथेंच सोडून दिला. त्या मजल्यावरचे बाकीचे दोन्ही फ्लॅट दिवाळीपूर्वींच विकले गेले असें मागाहून आमच्या कानीं आलें.